खुर्ची कोणाची, कणगी कोणाची? राजकीय नेतृत्व आणि स्त्री-पुरुष भूमिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वर्गात येतात, व्याख्यान संपल्यावर चहाच्या कपाबरोबर येतात आणि आठ मार्चच्या आसपास व्हॉट्सॲपवर तर रांगेने येतात. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. काही उत्तरं लांबली आहेत, काही चार ओळींत आटपली आहेत. ज्याचा जेवढा ऐवज तेवढं.

जगात कधी, कुठे बायकांचं राज्य होतं का?

पुरुषांनी बायकांवर चालवलं तसंच, फक्त बाजू उलटवून चालवलेलं राज्य म्हणत असाल, तर तसा एकही समाज अभ्यासकांना सापडलेला नाही. कल्पना मात्र जुनी आणि चिवट आहे. योहान बाखोफेन या स्विस कायदेपंडिताने १८६१ मध्ये प्राचीन ग्रीक-रोमन कथांवरून असा तर्क बांधला की माणसाच्या इतिहासात आधी मातृसत्ता होती, पितृसत्ता नंतर आली. अमेरिकेत लुईस हेन्री मॉर्गनने आणि त्याच्या आधाराने १८८४ मध्ये फ्रेडरिक एंगल्सने ती मांडणी पुढे नेली. पुरावा मुख्यतः कथांचा, आणि कथेवरून इतिहास काढणं जोखमीचं काम.

नवनाथांच्या पोथीतलं स्त्रीराज्य आठवा. मच्छिंद्रनाथ तिथे गुंतून पडतात आणि गोरक्षनाथ मृदंगातून ‘चलो मच्छिंदर, गोरख आया’ असा बोल काढून त्यांना बाहेर आणतात. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, तिएरा देल फ्वेगो बेटांवर, सेल्कनाम लोकांचीही एक कथा होती. पूर्वी राज्य बायकांचं होतं, त्या भुतांचे मुखवटे घालून पुरुषांना भिववत. मग बिंग फुटलं, पुरुषांनी मुखवटे हिसकावले आणि तेव्हापासून तो विधी पुरुषांचा झाला. मानववंशशास्त्रज्ञ जोन बॅम्बर्गर यांनी १९७४ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या अशा कथा तपासल्या. त्यांच्या मते या जुन्या काळाच्या आठवणी नव्हेत. वयात येणाऱ्या मुलांना दीक्षा देताना सांगायच्या, पुरुषांच्या सोयीच्या कथा आहेत. बायकांना एकदा देऊन पाहिलं, त्यांना जमलं नाही, हा त्यांचा मथितार्थ. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत हेच वाक्य मुखवट्याशिवाय ऐकू येतं.

मग मेघालय मातृसत्ताक आहे, असं शाळेत शिकवतात ते?

शब्द चुकतो. खासी समाज मातृवंशीय आहे. मातृवंशीय म्हणजे कूळ आईकडून मोजायचं. मातृसत्ताक म्हणजे सत्ता आईच्या हातात. या दोन गोष्टी एकमेकींच्या पाठोपाठ येतात असं आपण धरून चालतो, पण तसं होत नाही.

खासींमध्ये मूल आईच्या कुळाचं. घर आणि वडिलार्जित मालमत्ता सर्वांत धाकट्या मुलीकडे, म्हणजे खतदुहकडे जाते. मात्र खतदुह ही मालकीण कमी आणि राखणदार जास्त. म्हाताऱ्या आईबापांना, अविवाहित भावंडांना, घटस्फोट घेऊन परतलेल्या भावाला तिनेच सांभाळायचं, कुळाचे विधी तिच्याच घरात व्हायचे, आणि जमीन विकायची तर मामांना विचारायचं. मामाला खासीत ‘क्नी’ म्हणतात, त्याचा शब्द मोठा. गावाची सभा म्हणजे दरबार श्नोंग. तिथे परंपरेने पुरुषच बसत. गावप्रमुखाचं नाव रांगबाह श्नोंग, आणि ‘रांगबाह’ या शब्दाचा अर्थच मुळी बाप्या माणूस. सियेम, म्हणजे राजा, पुरुषच. फक्त त्याच्यानंतर त्याचा मुलगा येत नाही, भाऊ किंवा भाचा येतो. कोंबडी आरवली की जग बुडालं, अशा अर्थाची एक म्हणही खासीत आहे.

२०२३ च्या मेघालय विधानसभा निवडणुकीत ६० जागांपैकी ३ जागांवर स्त्रिया निवडून आल्या. दुसऱ्या बाजूला १९९० पासून तिथे सिंगखोंग रिम्पेई थिम्माई नावाची पुरुषांची संघटना आहे. मुलांना बापाचं नाव आणि मुलग्यांना वारसा मिळावा, ही तिची मागणी. ज्यांच्याकडे दरबार आहे त्यांनाच आपण घरात पाहुणे आहोत असं वाटतं. मला यात विसंगती दिसत नाही, दोन्ही खरं आहे.

केरळच्या नायरांमध्येही तरवाड, म्हणजे एकत्र कुटुंब, आईच्या वंशाचं आणि कारभार कारणवराचा, म्हणजे थोरल्या मामाचा, अशीच वाटणी होती. चीनच्या युन्नान प्रांतात लुगू सरोवराकाठच्या मोसुओ लोकांची ‘बायकांचं राज्य’ अशी जाहिरात पर्यटनवाले करतात. तिथल्या जुन्या सरदार घराण्यात गादी बापाकडून मुलाकडे जाई, हे जाहिरातीत नसतं.

सुमात्रातल्या मिनांगकबाऊंबद्दल मात्र पेगी रीव्हज सँडे यांनी वेगळा आग्रह धरला. तिथेही पेंघुलू, म्हणजे कुळप्रमुख, पुरुषच असतात. पण मातृसत्ता म्हणजे पितृसत्तेची आरशातली प्रतिमा असं मानलंत तर ती कधीच सापडणार नाही, असं त्यांचं म्हणणं; समाजाची घडी ज्या मूल्यांवर बसली आहे त्यांच्या मध्यभागी आई असेल तर तिला मातृसत्ताच म्हणा. मला हा युक्तिवाद पूर्ण पटलेला नाही, पण झटकून टाकण्यासारखाही नाही.

अमेरिकेतल्या कुठल्याशा जमातीत बायका मुखिया नेमत आणि काढत, हे खरं का?

खरं आहे, आणि या पानावरचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण तेच आहे.

आजच्या न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात मोहॉक, ओनायडा, ओनोन्दागा, कायुगा आणि सेनेका या पाच राष्ट्रांचा संघ होता. १७२२ मध्ये टस्करोरा आले आणि सहा झाली. बाहेरचे त्यांना इरोक्वा म्हणत, ते स्वतःला होडेनोशोनी म्हणतात, म्हणजे लांब घरांचे लोक. लाकूड आणि सालींच्या त्या लांब घरात एकाच आईच्या वंशातली अनेक कुटुंबं राहत आणि नवरा बायकोच्या घरी नांदायला येई. शेत बायकांचं: मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात. पिकवायचं त्यांनी, साठवायचं त्यांनी, वाढायचं त्यांनी.

संघाच्या महासभेत परंपरेने पन्नास जागा, सगळ्या पुरुषांच्या. पण प्रत्येक जागा एका कुळाची, आणि त्या जागेवर कोण बसणार हे कुळमाता इतर बायकांशी बोलून ठरवी. मुखियाच्या पदाची खूण म्हणजे हरणाची शिंगं. तो वेडावाकडा वागला तर कुळमाता त्याला समज देई. तीनदा सांगून ऐकलं नाही तर ‘शिंगं उतरवली’ जात. पद गेलं.

हे अधिकार कुठून आले, याचं उत्तर ज्युडिथ ब्राउन यांनी १९७० मध्ये दिलं ते मला फार नेमकं वाटतं: कणगीतून. साठवलेलं धान्य कोणाला द्यायचं हे बायका ठरवत. लढाईवर निघालेल्या तरुणांना वाटेत पुरेल असं भाजलेल्या मक्याचं पीठ आणि पायातली चामडी पादत्राणं घरातूनच मिळायची. बायकांना ती लढाई मंजूर नसेल तर शिधा निघत नसे. सभेत त्या बोलायला उठत नसत, आणि उठण्याची गरजही पडत नसे. मॉर्गनने एका मिशनऱ्याच्या पत्राचा दाखला दिला आहे: घरात काही न आणणाऱ्या नवऱ्याला केव्हाही घोंगडी उचलून चालता हो म्हणून सांगितलं जाई.

गंमत अशी की याच होडेनोशोनींच्या मुलखात, सेनेका फॉल्स गावी, १८४८ मध्ये गोऱ्या बायकांनी हक्कांसाठी पहिली मोठी परिषद भरवली. लग्न झालेल्या गोऱ्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता यावी असा न्यूयॉर्कचा कायदा त्याच वर्षीचा. शेजारणींकडे तो हक्क किती पिढ्यांपासून होता याचा हिशेब कोणी करावा?

पुढे उलटी गंगा वाहिली. १९२४ मध्ये कॅनडा सरकारने ग्रँड रिव्हर इथली परंपरागत महासभा मोडून निवडणुकीची परिषद बसवली. कुळमातांचा अधिकार कागदावरून पुसला गेला आणि नव्या ‘लोकशाही’ परिषदेत बायकांना मतही नव्हतं. ते कॅनडाच्या इंडियन कायद्यात १९५१ मध्ये मिळालं. कुळमाता अजून आहेत, आणि परंपरागत मुखिया त्याच निवडतात.

पण शेवटी बहुतेक समाजांत नेते पुरुषच. शरीरबळामुळे ना?

पहिलं वाक्य बरोबर आहे. मार्टिन किंग व्हाइट यांनी १९७८ मध्ये जगभरातले ९३ औद्योगिकपूर्व समाज ताडून पाहिले. दहापैकी आठाहून अधिक समाजांत राजकीय पदं फक्त पुरुषांकडे होती. उरलेल्यांतही बहुधा पुरुषांचं पारडं जड. हे लपवण्यात अर्थ नाही.

शरीरबळाचं स्पष्टीकरण मात्र लवकर धाप टाकतं. गावातला सर्वांत दांडगा गडी पाटील नसतो. बहुतेक समाजांत नेते उतारवयाचे, म्हणजे बळ ओसरलेले असतात. शिकार आणि युद्ध हे पुरुषांचंच काम, हेही वाटतं तितकं सरळ नाही. फिलिपीन्समधल्या आग्ता बायका धनुष्यबाण आणि कुत्री घेऊन रानडुकरं मारत. पेरूच्या डोंगरात सुमारे ९,००० वर्षांपूर्वीचं, शिकारीच्या हत्यारांसह पुरलेलं एक शरीर २०२० मध्ये तरुण स्त्रीचं असल्याचं जाहीर झालं. स्वीडनच्या बिर्का इथल्या व्हायकिंग योद्ध्याच्या प्रसिद्ध थडग्यातली हाडं २०१७ च्या जनुकीय तपासणीत बाईची निघाली. अशी उदाहरणं थोडी आहेत, नियम मोडण्याएवढी नाहीत. पण ‘निसर्गच तसा’ म्हणणाऱ्याला थांबवायला पुरतात.

व्हाइट यांच्या अभ्यासातली खरी मोलाची गोष्ट वेगळीच. ‘स्त्रीचं स्थान’ असं एकच काही मोजता येत नाही, असं त्यांना आढळलं. जमीन, वारसा, विवाहातला शब्द, विधीतला मान, राजकीय पद, यांपैकी एक मिळालं म्हणजे बाकीचं मिळतंच असं नाही. खासी आणि होडेनोशोनी दोन्ही मातृवंशीय, तरी सभेवर बायकांची पकड होडेनोशोनींत आहे आणि खासींत नाही.

मुखियाच नसेल अशा समाजात नेतृत्व कोणाचं?

कालाहारीच्या वाळवंटातल्या जू-होआन्सींना रिचर्ड ली यांनी विचारलं, तुमच्यात मुखिया आहेत का? उत्तर आलं, आहेत तर, आम्ही प्रत्येक जण आपापला मुखिया आहे. तिथे शिकाऱ्याने मोठा प्राणी आणला की इतर लोक ‘ही काय हाडं आणलीस’ म्हणून त्याची टर उडवतात, डोक्यात हवा जाऊ नये म्हणून. अशा ठिकाणी बाई आणि पुरुष यांच्यातलं अंतरही कमी असतं. कॅनडातल्या इनू लोकांबरोबर १६३३-३४ चा हिवाळा काढणाऱ्या पॉल ल जन या जेझुइट पाद्र्याला हेच खटकलं होतं. इथले पुरुष बायकांना ताब्यात ठेवत नाहीत, अशी त्याची तक्रार, आणि फ्रान्समध्ये बायका नवऱ्यांवर राज्य करत नाहीत असं त्याने एकाला सुनावलंही. एलिनॉर लीकॉक यांनी तीनशे वर्षांनी त्याच नोंदी वाचून दाखवून दिलं की नवऱ्याची हुकमत ही त्या लोकांना बाहेरून शिकवलेली गोष्ट आहे.

‘बिग मॅन’ ही काय भानगड आहे?

पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातला पुढारी. त्याला गादी नसते, वारसा नसतो. डुकरं वाटून, मेजवान्या देऊन, लोकांना उपकृत करून तो मोठा होतो. आपल्याकडचे सप्ताहाला आणि यात्रेला सढळ हाताने खर्च करणारे भाऊ-दादा डोळ्यांपुढे आले तर फार चुकलं नाही.

प्रश्न असा की डुकरं कोण पाळतं? माउंट हागेन भागात रताळी लावायची, उकरायची, त्यांवर डुकरं पोसायची हे काम बायकांचं. मग ‘मोका’ नावाच्या मोठ्या देवघेवीत ती डुकरं दुसऱ्या कुळाला द्यायची, भाषण करायचं, नाव कमवायचं हे पुरुषाचं. मॅरिलिन स्ट्रॅथर्न यांनी १९७२ मध्ये लिहिलं की तिथे बायका उत्पादक आणि पुरुष व्यवहार करणारे. जास्त बायका म्हणजे जास्त डुकरं, जास्त डुकरं म्हणजे जास्त नाव. तरी बायको रुसली तर मोकाचं गणित बिघडू शकतं, म्हणून तिची मनधरणीही करावी लागते. हीच चाल मतपेटीपर्यंत आली. पापुआ न्यू गिनीच्या संसदेत २०१७ मध्ये एकही स्त्री निवडून आली नाही. २०२२ मध्ये ११८ पैकी दोघी आल्या.

इंग्रजांमुळे बायकांची सत्ता गेली की आली?

ठिकाणावर अवलंबून आहे, पण आग्नेय नायजेरियात ती गेली, आणि कशी गेली याची नोंद चांगली आहे.

इग्बो लोकांत बहुतेक ठिकाणी राजा नव्हता. गावसभा होत्या, आणि त्यांच्या जोडीला बायकांच्या स्वतःच्या सभा. सासरी आलेल्या बायकांची बैठक वेगळी, माहेरवाशिणींची वेगळी. माहेरवाशिणींचा दरारा मोठा. भावांची भांडणं त्या मिटवत. नायजर नदीकाठच्या काही शहरांत ओबी म्हणजे राजा आणि ओमू म्हणजे बायकांची प्रमुख. ओमू ही ओबीची बायको नव्हे. तिचं स्वतंत्र मंडळ होतं आणि बाजारपेठ तिच्या ताब्यात. कामेने ओकोंजो यांनी याला दुहेरी राज्यव्यवस्था म्हटलं. इंग्रजांनी पगार सुरू केला तो ओबीला. ओमू त्यांना दिसलीच नाही.

कोणी पुरुष बायकोला मारत असेल, बाजाराचे नियम मोडत असेल, त्याची गुरं बायकांच्या शेतात शिरत असतील, तर बायका त्याच्यावर ‘बसत’. म्हणजे सगळ्या मिळून त्याच्या दारात जायचं, रात्रभर नाचायचं, त्याची लाज काढणारी गाणी म्हणायची, मुसळांनी भिंत ठोकायची, वेळ पडली तर छप्पर उतरवायचं. त्याने माफी मागेपर्यंत.

इंग्रजांनी गावोगाव सनद देऊन ‘वॉरंट चीफ’ नेमले. हे नेमलेले पुढारी लोकांना परके आणि बरेचसे लाचखाऊ. १९२८ मध्ये पुरुषांवर कर बसला. १९२९ च्या नोव्हेंबरात ओलोको गावी शिरगणतीचा माणूस न्वान्येरुवा नावाच्या विधवेच्या अंगणात आला. ती पामतेल काढत होती. तुझी माणसं, शेळ्यामेंढ्या मोज म्हणाला. तुझ्या आईला कोणी मोजलं होतं का, अशा अर्थाचं तिने सुनावलं आणि बायकांच्या बैठकीकडे धावली. पामची पानं निरोप म्हणून गावोगाव फिरली. हजारो बायका चीफच्या दारात ‘बसल्या’, त्याच्या पदाची खूण असलेली टोपी मागितली, देशी न्यायालयांच्या इमारती मोडल्या. सैन्याने आणि पोलिसांनी गोळीबार केला, पन्नासहून अधिक बायका मेल्या. सरकारी दप्तरात नाव पडलं ‘आबा दंगल’. इग्बो त्याला बायकांचं युद्ध म्हणतात. ज्युडिथ व्हॅन ॲलन यांनी १९७२ मध्ये दाखवलं की ही दंगल नव्हतीच, जुन्या शिक्षेची मोठी आवृत्ती होती. वॉरंट चीफांची पद्धत पुढे मोडीत निघाली. बायकांच्या सभांना मात्र कायद्यात जागा मिळाली नाही.

राण्या होत्याच की! ताराबाई, अहिल्याबाई?

होत्या, आणि त्यांचं कर्तृत्व कोणाच्या मेहेरबानीचं नव्हतं. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले आणि १७०७ मध्ये औरंगजेब मेला. मधली सात वर्षं ताराबाईंनी मुघलांना दमवलं. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ महेश्वरहून राज्य केलं. १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडल्यावर उमाबाईंनी सेनापतिपदाचा भार उचलला.

पण मानववंशशास्त्र विचारतं ते दाराबद्दल: त्या सत्तेत कोणत्या दाराने आल्या? ताराबाईंनी राज्य केलं ते आपल्या लहानग्या मुलाच्या, शिवाजीच्या, नावाने, उमाबाईंच्या वेळी पद मुलाच्या नावावर, आणि अहिल्याबाईंचे नवरा, सासरा, मुलगा तिघेही गेल्यावर. मोहिमांवर तुकोजी होळकर. दार वैधव्याचं आणि मातृत्वाचं. १७१४ मध्ये कोल्हापुरात राजसबाईंनी आपल्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवलं आणि ताराबाई कैदेत पडल्या, तेही त्याच दाराने. जिथे घराणं मोठं मानतात तिथे घराण्यातली बाई परक्या पुरुषापेक्षा वरचढ ठरते. त्याने गावच्या सामान्य बाईला चावडीची पायरी चढता येत नाही.

घाना देशातल्या आसांते राज्यात हेच दार पदाचं झालं. राजाची आई किंवा बहीण अशी एक स्त्री राणीमाता असते, तिचं स्वतःचं आसन असतं, आणि नव्या राजाचं नाव तीच सुचवते. १९०० मध्ये इंग्रज गव्हर्नर हॉजसनने आसांतेंचं सोन्याचं आसन बसायला मागितलं. त्या आसनावर राजाही बसत नाही, त्यात साऱ्या लोकांचा प्राण आहे असं ते मानतात. पुरुष सरदार घुटमळले, तेव्हा एजिसूची राणीमाता या असांतेवा लढाईला उभी राहिली. सेशेल्स बेटांवर हद्दपारीत १९२१ मध्ये ती वारली.

टोंगा बेटांवर आणखी एक मजा. बहिणीचा मान भावापेक्षा वरचा, राजाच्या बहिणीचा राजाहूनही वरचा. तरी राज्य करायचं भावाने. आत्याचा आपल्याकडचा मान बाराशात आणि लग्नात दिसतो. तिथे तो दरबारात दिसे.

बाई ‘पुरुष’ होऊन नेतृत्व करते असं कुठे आहे का?

उत्तर अल्बानियाच्या डोंगरात. घरात कर्ता पुरुष उरला नाही तर एखादी मुलगी आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेई, केस कापून पुरुषी पोशाख करी, बंदूक बाळगी, पुरुषांत बसे. तिला ‘बुर्नेशा’ म्हणत. घराची प्रमुख म्हणून तिचा शब्द चाले. मोजक्या वृद्धा आपल्या काळापर्यंत होत्या.

दक्षिण आफ्रिकेतल्या लोवेडूंची पर्जन्यराणी मोजाजी वेगळी. १८०० च्या सुमारापासून तिथे गादी बाईकडे. ती पाऊस पाडते अशी श्रद्धा, त्यामुळे शेजारची राज्यं तिला वचकून असत. प्रदेशातले सरदार तिला आपल्या मुली ‘बायका’ म्हणून देत, ती त्यांना पुढे इतरांच्या घरी देई, आणि त्यातून सोयरिकीचं जाळं विणलं जाई. तिला नवरा नसे, बायका असत. म्हणजे ‘नवरा’ ही एक राजकीय जागा आहे, आणि तिथे बसायला पुरुषच लागतो असं नाही. पुरुषी दाढी लावून शिल्पांत उभी असलेली इजिप्तची हातशेपसुत याच जातकुळीची.

आणि ज्यांना ना बाई म्हणतात ना पुरुष?

न्यू मेक्सिकोतल्या झुनी लोकांत अशांना ‘ल्हामाना’ म्हणत. वेवा नावाचे ल्हामाना विणकर, कुंभार आणि धर्मविधींचे जाणकार होते; १८८६ मध्ये ते झुनींच्या वतीने वॉशिंग्टनला गेले, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांना भेटले. तिथल्या मंडळींनी त्यांना ‘झुनी राजकन्या’ समजून आदरातिथ्य केलं.

अभ्यासक स्वतःच पुरुष होते, त्यांना बायकांची सत्ता दिसली नसेल?

पुष्कळदा असंच झालं. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की १९१५ ते १९१८ या काळात पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर राहिला, तिथली कूला, म्हणजे बेटाबेटांमधली शंखांच्या दागिन्यांची देवघेव, त्याने जगप्रसिद्ध केली. अर्ध्या शतकानंतर ॲनेट वायनर त्याच बेटांवर गेल्या. मयताच्या विधीत बायका केळीच्या वाळक्या पानांच्या जुड्या हजारोंनी वाटताना त्यांना दिसल्या. पुरुषाला आपल्या बायकोसाठी या जुड्या मिळवायला डुकरं, कोनफळं, पैसा खर्चावा लागे. गेलेल्या माणसाच्या कुळाची पत यातून ठरे. ही देवघेव मालिनोव्स्कीच्या काळातही चालू होती, पण त्याच्या हिशेबात तिला जागा मिळाली नाही.

१९७४ मध्ये मिशेल रोझाल्डो यांनी मांडलं की घर आणि चावडी यांच्यातली भिंत जितकी जाड तितकी बाई दुबळी. १९८० मध्ये त्यांनी स्वतःच ती मांडणी तपासून कबूल केलं की ही भिंत सगळीकडे असते असं धरून आपण चूक केली. चूक मान्य करणारे अभ्यासक थोडे, म्हणून मुद्दाम सांगितलं.

दक्षिण आशियात इतक्या स्त्रिया पंतप्रधान झाल्या, मग आपण पुढारलेले की मागासलेले?

सिरिमावो बंदरनायके १९६०, इंदिरा गांधी १९६६, बेनझीर भुट्टो १९८८, खालिदा झिया १९९१, शेख हसीना १९९६. कोणी विधवा, कोणी मुलगी. वरचं ताराबाईंचं उत्तर पुन्हा वाचा.

सरपंचपती असताना आरक्षणाचा उपयोग काय?

७३ वी घटनादुरुस्ती एप्रिल १९९३ मध्ये अमलात आली, पंचायतीत एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. त्याआधी, १९८९ मध्येच, शेतकरी संघटनेच्या बायकांनी विटनेर आणि मेटीखेडा इथे पूर्ण महिलांची पॅनेलं उभी करून पंचायती जिंकल्या होत्या, हे आता फारसं कोणाला आठवत नाही.

‘बाई सहीपुरती, कारभार नवऱ्याचा’ हे बरेचदा खरं असतं. तरी राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायती तपासून २००४ मध्ये दाखवलं की प्रमुखपद बाईसाठी राखीव असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला. तिथल्या बायकांच्या तक्रारींतही पाणी वरचढ होतं. बंगालातल्या पुढच्या एका अभ्यासात दिसलं की बाईला प्रमुख म्हणून पाहिल्यावर पुरुषांचं मत बदलतं, पण खुल्या जागेवर तिला निवडून देण्याइतकं बदलायला राखीव जागेच्या दोन फेऱ्या जाव्या लागतात. फिरतं आरक्षण दर निवडणुकीत गाव बदलतं, तेव्हा ही दुसरी फेरी मिळतच नाही. मला ही त्या व्यवस्थेतली सर्वांत मोठी चूक वाटते.

नागालँडमध्ये नगरपालिकांतल्या राखीव जागांना परंपरेच्या नावाने इतका विरोध झाला की २०१७ मध्ये हिंसाचार पेटून निवडणुका बारगळल्या. त्या अखेर २०२४ मध्ये झाल्या. विधानसभेत पहिल्या दोन स्त्रिया, हेकानी जखालू आणि सालहोउतुओनुओ क्रुसे, २०२३ मध्ये पोचल्या. राज्य १९६३ चं.

माझ्याच गावात हे पाहायचं तर सुरुवात कुठून करू?

ग्रामसभेपासून. महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. ती झाली का, की फक्त वहीत सह्या फिरल्या, हे विचारा. ग्रामसभेत बायका खुर्चीवर बसतात, सतरंजीवर की दाराबाहेर, ते पाहा. सातबाऱ्यावर किती बायकांची नावं आहेत ते तलाठ्याकडून कळेल. बचत गटाचं पासबुक कोणाच्या कपाटात असतं, गावकीच्या भांडणात कोणाला बोलावणं जातं, लेकीसुना कोणाचा शब्द मोडत नाहीत, हे कोणत्याच दप्तरात नसतं. त्यासाठी पाणवठ्यावर आणि लग्नघरात वेळ घालवावा लागेल.

आणि पंचायतीच्या भिंतीवर सरपंचबाईंच्या नावापुढे जो मोबाइल नंबर रंगवलेला असतो, तो एकदा लावून पाहा. पलीकडून ‘हॅलो’ कोण म्हणतं ते ऐका.